ताटाचे गणित कोण मांडणार?

जगातील मोठमोठ्या विद्यापीठांतून अलीकडे एका नव्या विषयावर पीएच.डी.चे प्रबंध लिहिले जात आहेत. विकसनशील देशांतील गरीब माणूस काय खातो याची लाखो कुटुंबांची माहिती संगणकात भरायची, तिला बाजारभाव, पाऊस, पीक, मजुरी आणि आजार यांचे आकडे जोडायचे आणि त्या ढिगातून गरिबाचा आहार कसा सुधारेल याचे उत्तर काढायचे, असा हा विषय आहे. या विद्येला डेटा सायन्स म्हणतात. आपल्या देशातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माहिती जगातील कोणताही संशोधक रीतसर मागून घेऊ शकतो. म्हणजे आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाटकडच्या एखाद्या घरात लेकराला काल काय खाऊ घातले, याचे उत्तर सातासमुद्रापलीकडच्या संगणकाच्या पडद्यावरही वाचता येते.

या संशोधनाला आमचा विरोध नाही. विरोध करण्याचे कारणही नाही. ज्या महामानवाने आम्हाला माणूस केले, तो स्वतः अर्थशास्त्राचा डॉक्टर होता आणि आकड्यांवर त्याची हुकूमत होती. आमचा प्रश्न वेगळा आहे. आमच्या ताटाचे हे गणित मांडतो कोण? त्यात काय धरले जाते आणि काय वगळले जाते? आणि उत्तर आल्यावर ते आमच्या वस्तीत परत येते काय? या प्रश्नांची उत्तरे चळवळीने आजच मागितली नाहीत, तर उद्या आमच्या भुकेचे कारण म्हणून आमचेच अज्ञान आमच्या पदरात घातले जाईल.

हे गणित तसे जुने आहे. १९४५ साली जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक हिशेब मांडला. ७७ खाद्यपदार्थ घेतले, ९ पोषकद्रव्ये घेतली आणि प्रौढ माणसाची गरज कमीत कमी किती पैशांत भागेल ते काढले. १९३९ च्या भावाने उत्तर आले वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. गव्हाचे पीठ, कोबी, पालक, वाळलेल्या शेंगांचे दाणे आणि आटवलेले दूध, एवढ्यावर वर्ष काढायचे! हे जेवण कोणी खरोखरच जेवावे असे खुद्द स्टिग्लरचेही म्हणणे नव्हते. १९४७ मध्ये जॉर्ज डांट्झिगने शोधलेल्या नव्या गणिती रीतीने तोच हिशेब पुन्हा केला गेला. नऊ कारकून बसले, सगळ्यांचे मिळून १२० दिवसांचे काम झाले आणि उत्तरात फरक पडला अवघ्या २४ सेंटचा.

पुढे याच डांट्झिगने स्वतःच्या आहाराचे गणित संगणकाला घातले. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून ज्यात पाण्याचा अंश कमी ते अन्न जास्त, असा नियम त्याने ठेवला. संगणकाने त्याला ५०० गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितले. कारण माहितीच्या तक्त्यात व्हिनेगरमधील पाणी शून्य लिहिलेले होते! संगणकाने चूक केली नव्हती. जे त्याला भरवले होते त्याचेच अचूक उत्तर त्याने दिले होते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण आमच्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. तक्त्यात एक रकाना चुकला तर शहाण्यातला शहाणा संगणक माणसाला व्हिनेगर पाजतो. मग ज्या तक्त्यात जमिनीचा, मजुरीचा आणि जातीचा रकानाच नाही, तो आम्हाला काय पाजील?

आज हे काम ऑप्टिफूडसारख्या आज्ञावल्या काही क्षणांत करतात. लहान मुलांच्या आहाराची शिफारस तयार करायला जागतिक आरोग्य संघटनेपासून अनेक संस्था त्यांचा उपयोग करतात. गावात मिळणारे पदार्थ आणि त्यांचे भाव घातले की कोणते जीवनसत्त्व कमी पडते, ते कशाने स्वस्तात भरून निघेल, हे समजते. ही उपयोगाची विद्या आहे. पण ती वर्ध्याच्या मातीत आणून बघितली पाहिजे.

वर्ध्याला आहाराचे प्रयोग नवे नाहीत. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले. १९३५ मध्ये गांधीजींनी तिथे रोजच्या जेवणात सोयाबीन आणण्याचा प्रयोग केला आणि स्वस्त व पौष्टिक अन्न म्हणून त्याचा पुरस्कार केला. आज वर्धा जिल्ह्याच्या शेतांत सोयाबीन हे कापसासोबतचे मुख्य पीक आहे. या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. मग वर्ध्यातले कुपोषण संपले काय? सोयाबीन शेतातून बाजार समितीत जाते, तिथून तेलाच्या कारखान्यात जाते, तेल निघाले की उरलेली प्रथिनांची पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते, परदेशी निर्यात होते. ज्या बाईने ते सोयाबीन कापले तिच्या घरात ते शिजत नाही. प्रथिने पिकवणारा जिल्हा आणि प्रथिनांना मुकलेली मजूर बाई एकाच बांधावर उभी आहेत. कोणते अन्न पौष्टिक हे १९३५ मध्येही ठाऊक होते. ते कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या ताटात जाणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला नाही.

डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठानाने २०१३ ते २०१८ या काळात ओडिशातील कोरापुट आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातील निवडक गावांत शेती आणि पोषण यांची सांगड घालणारा अभ्यास केला. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू पट्ट्यात कडधान्ये वाढवावीत, भाजीपाला घ्यावा, परसबाग लावावी आणि त्यातून घरचे जेवण सुधारावे, असा त्याचा रोख होता. प्रयत्न प्रामाणिक होता आणि आम्ही त्याचे मोल कमी लेखत नाही. पण शेतातून पोषण म्हटले की आधी शेत पाहिजे, परसबाग म्हटली की घरामागे परस पाहिजे आणि पाणी पाहिजे. वतनाच्या तुकड्यांपलीकडे ज्यांच्या नावावर सातबारा आला नाही, गावाच्या कडेला ज्यांची घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत, त्यांनी कुठल्या परसात पालक लावावा? १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले झाले, त्याचे कौतुक आजही होते. मंदिराचे दार उघडणे सोपे होते. जमिनीचे दार अजून उघडायचे आहे.

आता या गणितातून काय निसटते ते पाहू.

पावसाळ्यात वर्ध्याकडच्या शेतात तरोटा, चिवळ अशा भाज्या आपोआप उगवतात. आमच्या आया निंदणाला जात आणि संध्याकाळी ओच्यात भाजी घेऊन येत. त्या भाजीला पैसा लागत नसे, म्हणून ती कोणाच्या खर्चाच्या वहीत नव्हती. आता कपाशी-सोयाबीनवर तणनाशक फवारले जाते. त्याने एकाच फवाऱ्यात दोन गोष्टी मारल्या : बाईची निंदणाची मजुरी आणि तिच्या घरची फुकटची भाजी. बाजारात विकत घेतलेल्या मालावरून आहार मोजणाऱ्या संशोधकाला हे नुकसान दिसत नाही, कारण जे कधी मोजलेच नव्हते ते कमी झाले हे त्याला कळणार कसे? उन्हाळ्यात येऊन ‘काल काय खाल्ले’ विचारणाऱ्याला तरोट्याचे नावही ऐकू येणार नाही.

ज्वारीचेही तेच. विदर्भातील मजुराची भाकर ज्वारीची. ज्वारीचे क्षेत्र कापूस-सोयाबीनने खाल्ले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा आमचा हक्क आहे आणि तो टिकलाच पाहिजे. पण ते मुख्यतः गहू-तांदूळ आहे. त्यात डाळ नाही, तेल नाही, अंडे नाही. पोट भरते, पण रक्त भरत नाही. शिवाय या कायद्याचे लाभार्थी २०११ च्या जनगणनेवर ठरलेले. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात जन्मलेल्या गरिबाला संगणकात जागाच नाही.

तिसरी गोष्ट आमच्या रक्ताची आहे. विदर्भातील आमच्या समाजात, आदिवासींत आणि काही इतर मागास जातींत सिकलसेल आहे. हा आनुवंशिक आजार आहे, आहाराच्या कमतरतेने होणारा नाही. रक्त कमी दिसले की लोहाची गोळी, हे सरसकट सूत्र त्याला लागू पडत नाही. लोह कमी नसताना ते देत राहणे अपायाचेही ठरू शकते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिचा भर आदिवासी भागांवर आहे. आदिवासी बांधवांना ती मिळालीच पाहिजे, पण वर्ध्या-नागपूरच्या बौद्ध वस्तीतले सिकलसेलचे लेकरू कुठल्या रकान्यात बसवायचे? हिमोग्लोबिनचा आकडा घेऊन सिकलसेलची तपासणी न जोडता जो संशोधक ‘या जिल्ह्यातील बायकांचा आहार लोहहीन’ असा निष्कर्ष काढील, तो डांट्झिगसारखाच व्हिनेगरचा सल्ला देईल. फरक एवढाच की डांट्झिगने ते प्यायला नकार दिला. आमच्या लेकराला नकार देण्याची सोय नाही.

चौथी गोष्ट बोलायला आम्हीच कचरतो, म्हणून ती मोकळेपणाने लिहितो. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असा आदेश दिला. तो आम्ही पाळला, कारण तो आमच्या स्वाभिमानाचा प्रश्न होता. पण मृतमांस सोडणे वेगळे आणि स्वस्त मांसच गुन्हा ठरवणे वेगळे. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या प्राणी संरक्षण कायद्यातील दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. गरिबाच्या आवाक्यातील प्रथिने आणि लोह त्या दिवशी आणखी दूर गेले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांची खाद्यसंस्कृती नोंदवली, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की मराठी पाककृतींच्या पुस्तकांत आमची चूलच नव्हती. लाजेपोटी माणूस सर्वेक्षणवाल्याला खरे सांगत नाही. आणि जे सांगितले जात नाही ते प्रबंधात येत नाही.

मोठ्यांचे सोडा, शाळकरी पोराच्या अंड्याचे काय झाले? नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि हवे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. अंड्याने मुलाचे पोषण सुधारते हे सिद्ध करायला कोणत्या संगणकाची गरज होती? ज्ञान होते, आकडे होते, तरी अंडे गेले. कारण निर्णय घेणाऱ्याच्या ताटात अंड्याची कमतरता नव्हती.

परिणाम सरकारच्याच सर्वेक्षणात आहेत. २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.० टक्के मुले कमी वजनाची होती. २०१९-२१ मध्ये ती ३६.१ टक्के होती. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांतील रक्तक्षय ४८.० वरून ५४.२ टक्क्यांवर आणि लहान मुलांतील ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला. देशपातळीवर वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुले अनुसूचित जातींत सुमारे ३९ टक्के, तर सवर्ण मानल्या जाणाऱ्या इतरांत सुमारे ३० टक्के. मुलाची उंचीसुद्धा जात विचारून वाढते, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आकडे मोजपट्टीवर ठरतात, हेही आम्ही समजून घेतले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या २०२३ च्या अहवालात २०२१ साली ७४.१ टक्के भारतीयांना सकस आहार परवडत नव्हता असे म्हटले होते. पुढच्याच वर्षीच्या अहवालात २०२२ साठीचा आकडा ५५.६ टक्के आला. एका वर्षात गरिबाचे ताट भरले नव्हते. किमतींची माहिती आणि मोजण्याची रीत बदलली होती. तिकडे रीत बदलते, इकडे आकडाच कपाटात जातो. २०१७-१८ च्या घरखर्चाच्या सर्वेक्षणाचा अहवाल केंद्र सरकारने गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्धच केला नाही.

आणि हे आकडे गोळा करते कोण? वस्तीतली अंगणवाडी सेविका. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आले तेव्हा ते इंग्रजीत होते आणि हातात दिलेले मोबाईल निकृष्ट होते. महाराष्ट्रातील सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले, कारण मुलाचे वजन करणारी बाई स्वतः भरलेली माहिती वाचू शकत नव्हती. २०२५ च्या जुलैपासून घरी नेण्याच्या शिध्यासाठी चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले. म्हणजे उपाशी बाईने आधी आपला चेहरा संगणकाला पटवून द्यायचा आणि मग शिधा घ्यायचा. आकडेशास्त्राचा उपयोग भूक शोधायलाही होतो आणि भुकेल्याला रांगेतून काढायलाही होतो. तो कशासाठी व्हावा हे संगणक ठरवत नाही, सत्ता ठरवते.

इथे बाबासाहेबांची आठवण होते ती भावनेने नव्हे, पद्धतीसाठी. १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्या काळचे इंग्रज अधिकारी आणि पंडित म्हणत होते की शेतीचे तुकडे लहान, म्हणून शेतकरी गरीब. बाबासाहेबांनी आधी मोजपट्टीच तपासली. शेत लहान की मोठे हे एकरांनी ठरत नाही, त्यावर लावलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणात ठरते, असे त्यांनी दाखवले. शेतीवर रिकाम्या हातांचा बोजा पडला आहे, तो उद्योगधंद्यांकडे वळवा, असा उपाय सांगितला. त्यांनी तेच आकडे हाताळले, पण प्रश्न नवा विचारला. आज आहाराच्या संशोधनाला नेमके हेच हवे आहे. ‘गरीब चुकीचे का खातो?’ या प्रश्नाऐवजी ‘त्याला बरोबर खाण्यापासून कोण अडवते?’ असा प्रश्न संगणकाला घालणारा संशोधक हवा. तो आमच्या वस्तीतूनच निघाला पाहिजे, कारण तरोटा, सिकलसेल आणि शेवटी जेवणारी माय त्याने पाहिलेली असते.

पण आमच्या पोरांनी संशोधन करावे अशी इच्छा आहे कोणाची? २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२१ च्या तुकडीतील ८६१ संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. त्याच वर्षीच्या नागपूर अधिवेशनात, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहात केला. दिवे काय लावणार ते आम्ही सांगतो. ज्या अंधारात अंडे गेले, ज्वारी गेली आणि जनगणना अडली, त्या अंधारात ते दिवे लावतील.

म्हणून चळवळीपुढे आम्ही काही कामे ठेवतो. पहिले, विज्ञान, गणित, संख्याशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आहार आणि आरोग्य हा विषय पीएच.डी.साठी घ्यावा. वकील आणि प्राध्यापक आपण घडवले, आता आपल्याला आपले आकडेतज्ज्ञ हवेत. दुसरे, १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक असलेल्या जनगणनेत जातींची गणना होणार आहे. प्रत्येक विहारातून त्याची तयारी व्हावी, कोणीही सुटता कामा नये. तिसरे, आमच्या वस्तीत येऊन ताट मोजणाऱ्या प्रत्येक संशोधकाकडून निष्कर्ष मराठीत आणि वस्तीच्या बैठकीत परत मागावेत. चौथे, महिला मंडळांनी आपल्या घरचे अन्न, ऋतू, मजुरी आणि भाव यांची वही ठेवावी. वर्षभराच्या अशा शंभर वह्या एकत्र आल्या तर कोणत्याही प्रबंधाला त्यांची दखल घ्यावी लागेल.

तथागतांची आळवी नगरीतील गोष्ट बौद्ध वाचकांना ठाऊक आहे. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून थकून भुकेला धम्म ऐकायला आला. तथागतांनी सभा थांबवली, आधी त्याला जेवू घातले आणि मगच उपदेश केला. भुकेल्याला उपदेश पोचत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले गेले होते. वर्ध्याच्या मजूर बाईला आहाराचा सल्ला देऊ पाहणाऱ्या प्रत्येक संगणकाने, प्रत्येक विद्यापीठाने आणि प्रत्येक सरकारने आधी एवढेच सांगावे : तिच्या ताटात आज काय पडले?